गोव्यात ज्यू जीवनावरचा चित्रपट महोत्सव भरवायचा तर

एकाच विषयावरच्या छोट्या महोत्सवात पहिली चूक चित्रपट निवडतानाच होते. ‘ज्यू’ म्हटलं की छळछावण्या, काटेरी तारा आणि युद्ध एवढंच समोर येतं, आणि सातपैकी पाच चित्रपट त्याच विषयाचे निवडले जातात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रेक्षक थकतो. त्याहून वाईट म्हणजे, ज्यू माणूस म्हणजे मारला गेलेला माणूस, एवढीच समजूत घेऊन तो घरी जातो. म्हणून आधी हिशेब मांडा: सात खेळांत छळछावणीचा विषय एकदा, फार तर दोनदा. बाकीचे खेळ लग्नाचे, भांडणाचे, सणावारांचे, घर सोडून दुसऱ्या देशात गेलेल्यांचे आणि विनोदाचे. क्लोद लान्झमान यांचा ज्यूंच्या संहारावरचा माहितीपट ‘शोआ’ (१९८५) थोर आहेच, पण तो नऊ तासांहून मोठा आहे. तीन दिवसांच्या महोत्सवात त्याला जागा नाही, आणि त्याचे तुकडे करून दाखवू नयेत.

सात खेळ हा आकडा अंदाजाने धरलेला नाही. एक हॉल, एक प्रोजेक्टर आणि पाच-सहा कार्यकर्ते एवढ्या बळावर तीन दिवसांत सात खेळ नीट होतात. दहा करायला गेलं की दोन खेळांमधला वेळ पंधरा मिनिटांवर येतो. मग चर्चा गुंडाळावी लागते आणि पुढच्या फाइलची तपासणी राहून जाते.

दार कोकणातून उघडा

गोव्यातल्या मराठी प्रेक्षकाला हा विषय दूरचा वाटतो. तो जवळ आणायला पोलंडपासून सुरुवात करायची गरज नाही. रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यू. जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. तिथे त्यांचं स्मारक आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. चेऊलकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर, रोहेकर ही आडनावं वाचली तरी प्रेक्षक सरसावून बसतो. मुंबईत मशीद बंदरजवळचं त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ १७९६ चं. पुण्यातलं लाल देऊळ बगदादी ज्यू डेव्हिड ससून यांनी बांधवलं. एकोणिसाव्या शतकात बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली आणि गायली गेली. कीर्तनाची परंपरा असलेल्या गोव्यात हे सांगितलं की वेगळी प्रस्तावना लागत नाही.

हिंदी सिनेमाचा दुवा तर आयताच आहे. ‘बूट पॉलिश’मधले (१९५४) जॉन चाचा, म्हणजे डेव्हिड, हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. ‘श्री ४२०’मधली (१९५५) माया, म्हणजे नादिरा, या फ्लॉरेन्स इझिकेल. मूकपटांची तारका सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. त्यांना १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. १९४७ ची पहिली ‘मिस इंडिया’ प्रमिला म्हणजे एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) ज्या नाटकावरून आला ते जोसेफ डेव्हिड पेणकरांचं. आकाशवाणीची सकाळची धून बांधणारे वॉल्टर कॉफमन हे नात्सींमुळे देश सोडून मुंबईत आलेले ज्यू संगीतकार. उद्घाटनाला दिवे, नारळ आणि भाषणं यांत अर्धा तास जातोच. त्यातली वीस मिनिटं कापा आणि त्या जागी ही मंडळी पडद्यावर दाखवत एक सचित्र व्याख्यान ठेवा.

एक मोह मात्र टाळा. बिमल रॉय यांचा ‘यहुदी’ (१९५८) नावामुळे सगळ्यात आधी सुचतो. तो आगा हश्र काश्मीरींच्या नाटकावरचा, रोमन साम्राज्यात घडणारा पारशी रंगभूमीच्या वळणाचा मेलोड्रामा आहे. गाणी सुंदर आहेत, सोहराब मोदींचे संवाद ऐकण्यासारखे आहेत, पण ज्यू जगण्याबद्दल त्यातून फारसं कळत नाही. दाखवायचाच असेल तर ‘हिंदी सिनेमाने यहुदी कसा रंगवला’ अशा चर्चेसोबत दाखवा, महोत्सवाचा मुख्य खेळ म्हणून नको.

गोव्याचा स्वतःचा धागाही आहे आणि तो सोडू नये. पणजीच्या चर्चसमोरच्या फुलबागेला ज्याचं नाव आहे तो गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगालहून आलेला वैद्य ज्यू कुळातला, धर्म बदललेल्या घरातला. औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० साली आलं. ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जाळण्यात आलं, आणि १५८० साली ओर्ताची हाडं उकरून काढून जाळली गेली. रविवारी सकाळी जुन्या गोव्यात दीड तासाची फेरी ठेवली तर हे सगळं सांगता येतं. इन्क्विझिशनची इमारत आता उभी नाही, त्यामुळे से कॅथेड्रलजवळच्या मोकळ्या जागेत थांबूनच बोलावं लागतं. फेरी साडेसातला सुरू करा. नऊनंतर पर्यटकांच्या बसगाड्या येतात आणि बोलणाऱ्याचा आवाज बुडतो. ज्याला हा इतिहास नीट माहीत आहे त्यालाच बोलायला द्या. हा विषय आजच्या राजकारणात ओढायला फार वेळ लागत नाही, आणि एकदा ओढला गेला की ओर्ता बाजूला पडतो.

तारीख आणि वार

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा सोडा. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून पणजीत भरतो आणि त्या दिवसांत हॉल, तंत्रज्ञ, हॉटेलच्या खोल्या यांपैकी काहीच हाती लागत नाही. चवथ, शिगमो, कार्निव्हल ही नावं कुणाला सांगायला नकोत. गावोगावच्या जत्रा आणि कालोत्सव डिसेंबर-जानेवारीत असतात, तेव्हा फोंडा, डिचोली, पेडणे भागातला प्रेक्षक रात्री देवळाच्या नाटकाला जाणार हे धरून चाला. पावसाळ्यात प्रेक्षक येतो, कारण दुसरं काही नसतं. पण वीज जाते, आणि पत्र्याच्या छपराचा हॉल असेल तर संवाद ऐकू येत नाहीत. जानेवारीचा शेवटचा आठवडा किंवा फेब्रुवारीचा पहिला हा चांगला काळ. २७ जानेवारी हा होलोकॉस्टच्या, म्हणजे नात्सींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, स्मरणाचा आंतरराष्ट्रीय दिवस. छळछावणीवरचा तो एक चित्रपट त्या दिवशी लावता येतो.

वार ठरवताना शब्बाथ लक्षात घ्यावा लागतो. शुक्रवारी सूर्यास्ताच्या थोडं आधीपासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत धर्म पाळणारा ज्यू पाहुणा गाडीत बसणार नाही, माइक हातात घेणार नाही, फोन उचलणार नाही. म्हणजे शुक्रवार-शनिवार-रविवार हा आपला नेहमीचा ढाचा इथे मोडतो. जमतं ते असं: शनिवारी रात्री साडेसातला उद्घाटन आणि एक खेळ, रविवारी चार खेळ, सोमवारी संध्याकाळी दोन. अडचण बसची आहे. शनिवारी रात्री पावणेदहाला खेळ सुटला तर काणकोण-सत्तरीच्या माणसाला परतायला काही मिळत नाही. म्हणून शनिवारचा खेळ शंभर मिनिटांच्या आतला घ्या आणि तो पणजी-पर्वरी-म्हापशाच्या प्रेक्षकांसाठी आहे असं धरा. महोत्सवाचा खरा दिवस रविवार. पाहुणे धर्म पाळणारे नसतील तर शनिवार दुपारही वापरता येईल, पण हे त्यांना विचारून ठरवा, गृहीत धरू नका. यॉम किप्पूर, पेसाह असे मोठे सण ज्यू पंचांगानुसार दरवर्षी सरकतात. तारीख नक्की करण्यापूर्वी त्या वर्षाचं पंचांग पाहा.

रविवारचा क्रम साधारण असा ठेवा: दहाला पहिला खेळ, बाराला अर्ध्या तासाचं बोलणं, मग जेवण. दुपारी पावणेतीनच्या आधी दुसरा खेळ लावू नका. गोव्यात दोन ते अडीचच्या दरम्यान जो खेळ लागतो तो अर्धे लोक झोपेत बघतात. तिसरा पाचला आणि शेवटचा पावणेसातला, म्हणजे साडेआठपर्यंत लोक बाहेर पडतात.

हॉल

पणजीत मॅकिनेझ पॅलेसचं सभागृह चित्रपटासाठीच तयार केलेलं आहे, ते मिळालं तर निम्मी डोकेदुखी संपली. ते नाही मिळालं तर मडगाव, साखळी, कुडचडे इथली रवींद्र भवनं आहेत, फोंड्याचं राजीव गांधी कलामंदिर आहे. पण ही नाटकाची सभागृहं. तिथे पडदा, प्रोजेक्टर आणि ध्वनीव्यवस्था यांपैकी काय आहे ते प्रत्यक्ष जाऊन बघा, फोनवर ‘सगळं आहे’ असंच सांगतात.

प्रोजेक्टर भाड्याने आणायचा तर गणित सोपं आहे. पडदा सोळा फूट रुंद आणि नऊ फूट उंच म्हणजे १४४ चौरस फूट. चित्रपटगृहाच्या दर्जाचा उजेड हवा तर दर चौरस फुटाला साधारण १६ ल्युमेन लागतात, म्हणजे पडद्यावर २,३०० ल्युमेन पोचले पाहिजेत. भाड्याच्या यंत्राचा दिवा जुना झालेला असतो आणि रंग नीट लावले की उजेड आणखी कमी होतो, म्हणून खोक्यावर लिहिलेला आकडा त्याच्या दुपटीने, पाच हजारांच्या पुढे, हवा. लग्नसमारंभाला चालणारा तीन हजारांचा प्रोजेक्टर आणला तर रात्रीची दृश्यं नुसती काळी दिसतात, आणि ज्यू जीवनावरच्या चित्रपटांत मेणबत्तीच्या उजेडातली दृश्यं भरपूर असतात.

दिवसाच्या खेळांसाठी हॉलच्या झरोक्यांना काळं कापड लावा. जमीन सपाट असेल तर पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेचार-पाच फूट वर घ्या, नाहीतर पुढच्याच्या डोक्यामागे उपशीर्षकं लपतात आणि मागच्या दहा रांगांना फक्त परकी भाषा ऐकू येते.

आवाजात एक नेमका घोटाळा होतो. चित्रपटाच्या फाइलमध्ये सहा वाहिन्यांचा आवाज असतो आणि संवाद बहुतेक मधल्या वाहिनीवर असतात. हॉलच्या मिक्सरला डावी-उजवी अशा दोनच तारा जोडल्या तर संगीत आणि पावसाचा आवाज दणदणीत येतो, माणसं मात्र ओठ हलवत राहतात. उपाय दोन: निर्मात्याकडून स्टिरिओ आवाजाची वेगळी फाइल मागवा, नाहीतर प्लेअरमध्ये सहाचं दोनात मिश्रण चालू करा. हे आदल्या दिवशीच, संवादाचं दृश्य लावून तपासा. नावांच्या पाट्यांवर संगीत वाजतं, तिथे काहीच कळत नाही.

वीज गेल्यावर जनरेटर दहा-वीस सेकंदांत येतो. दिव्याचा प्रोजेक्टर मात्र थंड होऊन पुन्हा लागायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि मध्येच बंद पडण्याने त्याचा दिवा खराब होतो. प्रोजेक्टर आणि प्लेअर दोन्ही ऑनलाइन यूपीएसवर घ्या. एवढ्या एका खर्चात काटकसर करू नका.

हक्क आणि प्रमाणपत्र

विकत घेतलेली डीव्हीडी किंवा ओटीटीची वर्गणी यांवर सार्वजनिक खेळ करता येत नाही, प्रवेश मोफत असला तरी. प्रत्येक चित्रपटाच्या वितरकाला किंवा निर्मात्याला पत्र लिहावं लागतं. त्यात गाव, तारीख, किती खेळ, हॉलच्या खुर्च्या, प्रवेश शुल्क, कोणत्या स्वरूपातली फाइल चालेल आणि मराठी उपशीर्षकं करण्याची परवानगी, हे सगळं पहिल्याच पत्रात असू द्या. अर्धवट पत्र गेलं की एकेका प्रश्नासाठी आठवडा जातो. उपशीर्षकांची परवानगी वेगळी मागावी लागते हे बहुतेकांना उशिरा कळतं. छोट्या महोत्सवासाठी एका खेळाचं शुल्क शे-दोनशे युरोंपासून पुढे मागतात. प्रेक्षकसंख्या आणि मोफत प्रवेश स्पष्ट सांगितला तर कमी करतात. पैसे परदेशी पाठवताना कर कापण्याची कागदपत्रं बँक मागते, म्हणून सीए आधीच गाठा. खेळाच्या आदल्या दिवशी पैसे न पोचल्यामुळे कुलूपबंद फाइल उघडणारी डिजिटल किल्ली अडकते.

जुन्या चित्रपटांबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या वर्षानंतर साठ वर्षं टिकतो, म्हणून १९५८ चा ‘यहुदी’ चित्रपट म्हणून मोकळा झाला. पण गीत आणि संगीत यांचे हक्क त्या त्या माणसाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतात. त्याची गाणी लिहिणारे शैलेंद्र १९६६ साली गेले आणि हसरत जयपुरी १९९९ साली. म्हणजे चित्रपट मोकळा असला तरी गाणी मोकळी नाहीत. नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीची फाइल ज्यांच्याकडे आहे, ते त्यासाठी शुल्क मागणारच. जुन्या हिंदी चित्रपटाची चांगली प्रत हवी असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे चौकशी करा.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेला परदेशी चित्रपट जाहीरपणे दाखवायचा तर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. महोत्सवांसाठी तशी सोय आहे. त्यासाठी चित्रपटांची यादी, प्रत्येकाचा सारांश, आणि चित्रपट आधी पाहून शिफारस करणाऱ्या समितीची नावं पाठवावी लागतात. महोत्सव ना-नफा असावा लागतो आणि प्रवेश नोंदणी केलेल्या प्रतिनिधींना द्यावा लागतो. त्यामुळे दारावर तिकिटं विकू नका. प्रतिनिधी कार्ड करा, पन्नास रुपयांचं का असेना. अर्ज दीड-दोन महिने आधी द्या. सूट एका यादीला मिळते. नंतर एखादा चित्रपट बदललात तर त्याच्यासाठी नव्याने धावपळ. म्हणून यादीत दोन जास्तीचे चित्रपट घाला, ते दाखवले नाहीत तरी बिघडत नाही.

फाइल आणि किल्ली

चित्रपटगृहात खेळ असेल तर डीसीपी, म्हणजे सिनेमा सर्व्हरवर चालणारी डिजिटल प्रत, येते, आणि ती बहुधा कुलूपबंद असते. तिची किल्ली एका ठरावीक सर्व्हरसाठी, ठरावीक वेळेपुरतीच चालते. सर्व्हरचा क्रमांक हॉलच्या तंत्रज्ञाकडून फोटो काढून घ्या, तोंडी घेतलेला एक आकडा चुकला की किल्ली लागत नाही. दुसरी गडबड वेळेची. किल्लीवरची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असू शकते आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. ‘रविवारी बारापर्यंत’ अशी किल्ली आली तर ती आपल्या संध्याकाळी साडेपाचला संपते, आणि पावणेसातचा खेळ गेला. किल्ली मागताना सुरुवात खेळाच्या दोन दिवस आधीची आणि शेवट दुसऱ्या दिवशीचा मागा, म्हणजे तपासणीही होते.

रवींद्र भवनात लॅपटॉपवरून दाखवायचं असेल तर डीसीपीऐवजी मोठ्या आकाराची साधी फाइल मागवा. ती पेनड्राइव्हवरून चालवू नका, आतल्या एसएसडीवर उतरवून घ्या. आणि दुसऱ्या लॅपटॉपवर तीच फाइल तयार ठेवा. लॅपटॉपचे अपडेट आणि व्हॉट्सॲपच्या सूचना बंद आहेत का, तेही पाहा. पडद्यावर सोळा फुटी निरोप येणं शोभत नाही.

पडद्याचं प्रमाणही तपासा. पावेल पावलिकोव्स्की यांचा ‘इडा’ (२०१३) अवघ्या ८२ मिनिटांचा आणि शनिवारच्या रात्रीसाठी अगदी योग्य. पण तो जुन्या पद्धतीच्या चौकोनी चौकटीत चित्रित केला आहे आणि माणसं चौकटीच्या तळाशी असतात. तंत्रज्ञाने ‘पडदा भरून दिसू दे’ म्हणत चित्र ताणलं तर चेहरे फुगतात, आणि वरखाली कापलं तर माणसंच गायब होतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या, आणि हे तंत्रज्ञाला लेखी द्या.

मराठी उपशीर्षकं

इंग्रजी उपशीर्षकांवर भागवता येतं. पण मग प्रेक्षक पणजीतले दीडशे लोकच राहतात. मराठी केली की शाळामास्तर, वाचनालयात जाणाऱ्या बायका, नाटकवाले, सगळे येतात. या महोत्सवातला सगळ्यात मोठा वेळ इथे घाला.

वितरकाकडून वेळांसह इंग्रजी संवादांची फाइल मागवा. नव्वद मिनिटांच्या बोलक्या चित्रपटात आठशे ते बाराशे उपशीर्षकं असतात. एका माणसाला ती नीट करायला आठ-दहा दिवस लागतात, शिवाय तपासणाऱ्याचे दोन. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत सहा-सात शब्द, पडद्यावर कमीत कमी एक सेकंद आणि जास्तीत जास्त सहा-सात. वाक्य लांब असेल तर अर्थ ठेवून छाटा. ‘मला असं वाटतं की तू आता निघायला हवंस’ हे तीन शब्दांत ‘तू आता निघ’ असंच लिहा. उरलेलं नटाच्या चेहऱ्यावर दिसतं.

धर्माचे शब्द जसेच्या तसे ठेवा. रब्बाय हा रब्बायच, भटजी नाही. बार मित्झ्वाची मुंज करू नका. प्रेक्षक हसतो आणि दृश्य हातचं जातं. अर्थ कार्यक्रमपत्रिकेच्या एका पानावर द्या. तिथेच बेने इस्रायलांची सणांची जुनी मराठी नावं द्यायला हरकत नाही: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, अनशी धाकाचा सण. हे पान लोक घरी नेतात.

आता तांत्रिक भाग. फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हांच्या रांगा येतात. देवनागरी सगळ्या प्लेअरना नीट जमत नाही: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. तपासायला एकच ओळ पुरते: ‘तऱ्हा, ॲरन, ऑश्विट्झ, क्षमा, विश्वास, ऱ्हास’. ही ओळ पडद्यावर शुद्ध दिसली तर बाकी सगळं दिसेल. डीसीपीमध्ये तर देवनागरी अक्षरांची फाइल देऊच नका. बरेचसे सिनेमा सर्व्हर जोडाक्षरं बांधत नाहीत. प्रत्येक उपशीर्षकाचं चित्र करून द्या किंवा चित्रपटावरच छापून घ्या. छापायला वितरकाची परवानगी लागते.

वेळ चुकते तेव्हा घाबरून एकेक ओळ सरकवत बसू नका. पहिला संवाद आणि शेवटचा संवाद तपासा. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर पूर्ण फाइल तेवढ्या सेकंदांनी सरकवा. फरक वाढत जात असेल तर सेकंदाला किती चित्रं हा हिशेब चुकला आहे. युरोपातली प्रत २५ चित्रांची आणि उपशीर्षकं २४ ची असतील तर तासाला जवळपास अडीच मिनिटांचा फरक पडतो. २४ आणि २३.९७६ मध्ये तासाला साडेतीन सेकंदांचा. सबटायटल एडिटसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हा बदल एका आदेशात होतो. सॉफ्टवेअरने दाखवलेल्या आकड्यावर विसंबू नका, चित्रपट मध्येच थांबवून, ओठ बघून खात्री करा.

एक मूकपट, पेटीसोबत

रविवारी सकाळच्या खेळाला पॉल वेगेनर यांचा ‘गोलेम’ (१९२०) घ्या. प्रागच्या ज्यू वस्तीतला रब्बाय मातीचा माणूस घडवतो, ही जुनी दंतकथा. चित्रपट शंभर वर्षांपूर्वीचा आणि वेगेनर १९४८ साली गेले, त्यामुळे चित्रपटाच्या हक्काची अडचण नाही. पण दुरुस्त केलेल्या प्रतींवर नवं संगीत असतं आणि त्याचे हक्क चालू असतात. त्यावर गोव्यात सुंदर तोड आहे: आवाज बंद करा आणि पेटी, तबला, व्हायोलिन घेऊन तीन वादक बसवा. गोव्यात हे तिन्ही हाताशी असतात.

वादकांना फाइल तीन आठवडे आधी द्या, आणि तीच फाइल पडद्यावर लावा. मूकपटाच्या वेगवेगळ्या प्रती वेगवेगळ्या वेगाने उतरवलेल्या असतात, एकीत आणि दुसरीत दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडतो आणि बसवलेलं सगळं कोलमडतं. वादक पडद्याच्या उजव्या-डाव्या कडेला, तिरपे बसवा. त्यांच्या स्टँडवरचा दिवा पडद्यावर पडणार नाही असा झाकलेला हवा. संपूर्ण चित्रपटभर वाजवू नका असं आधीच सांगा. दोन-तीन ठिकाणी पूर्ण शांतता हवी, विशेषतः मातीचा पुतळा पहिल्यांदा डोळे उघडतो तिथे. चित्रपटातल्या पाट्यांचं मराठी कुणीतरी मोठ्याने वाचणं हा उपशीर्षकांपेक्षा चांगला मार्ग आहे, पण वाचणारा रंगभूमीवरचा असावा.

पाहुणे, खाणं, प्रश्न

हॉलजवळच्या गाड्यावर कोळंबी आणि डुकराच्या मांसाचा चोरीस-पाव हे ज्यू आहारनियमांत न बसणारे पदार्थ मिळणारच, त्याला इलाज नाही. महोत्सवाचा खाण्याचा टेबल मात्र पूर्ण शाकाहारी ठेवा: पातळ भाजी-पाव, बन, मिरची भजी, चहा. कोशर (ज्यू आहारनियमांप्रमाणे केलेलं) असा फलक लावू नका, कोशरसाठी स्वयंपाकघर, भांडी आणि देखरेख लागते. धर्म पाळणाऱ्या पाहुण्यासाठी अख्खी फळं आणि त्यांनी स्वतः सांगितलेले बंद पाकिटातले पदार्थ ठेवले की पुरे. पोहे, ओलं खोबरं, गूळ घालून होणारा मलिदा हा बेने इस्रायलांचा विधी आहे, मधल्या सुट्टीतला फराळ नव्हे. त्या समाजातलं कुणी येऊन करणार असेल तरच ठेवा.

पोलीस ठाण्याला पंधरा दिवस आधी लेखी कळवा. मुंबईत २००८ साली ज्यू केंद्रावर हल्ला झाला होता, त्यामुळे पोलीस हा विषय हलका घेत नाहीत. दारात पिशव्या तपासणारी दोन माणसं ठेवा, त्यातली एक बाई. पाहुणे कुठे उतरले आहेत ते पत्रिकेत, बातमीत, समाजमाध्यमांवर कुठेही येऊ देऊ नका.

चर्चेत इस्रायल आणि गाझा हा विषय निघणार. निघू दे, त्याला बंदी घालून उपयोग नाही. पण दोन गोष्टी सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच सांगाव्यात: प्रश्न आताच पाहिलेल्या चित्रपटापासून सुरू व्हावा, आणि समोर बसलेल्या ज्यू पाहुण्याला एखाद्या सरकारचा प्रवक्ता समजू नये. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या. बोलण्याच्या नादात भाषण करणारे चिठ्ठीवर तीन ओळींत आटपतात. वीस मिनिटं पुरे, आणि शेवटचा प्रश्न हॉलमधल्या तरुणाचा घ्या. इस्रायली दूतावासाची किंवा कुठल्याही सरकारी संस्थेची मदत घेतली असेल तर ती पत्रिकेवर ठळक छापा. लपवली आणि नंतर कळली तर पूर्ण महोत्सवावर शंका घेतली जाते.

बातमी गोव्याच्या मराठी दैनिकांना आठ दिवस आधी द्या, आणि सोबत एकच फोटो, डेव्हिड किंवा नादिराचा. महोत्सवाच्या बोधचिन्हाचा नको. वाचक त्या चेहऱ्यासाठी थांबतो.

खेळ संपल्यावर हार्ड डिस्क त्याच आठवड्यात परत करा आणि लॅपटॉपवरच्या फाइली पुसून तसं वितरकाला लिहून कळवा. पुढच्या वर्षी तोच माणूस चित्रपट देणार असतो. मराठी उपशीर्षकांची फाइल मात्र, वितरकाची हरकत नसेल तर, नावातच चित्रपट, वर्ष आणि २४ की २५ हा आकडा घालून जपून ठेवा, आणि एक प्रत त्यालाही पाठवा. दुसऱ्या गावी तोच चित्रपट लागला तर पुन्हा हजार ओळी करत बसावं लागत नाही.